तालात भिणारे साळवेमामा

पहाटे, अजून उजाडायचं असताना, आमच्या गावाच्या कडेपासून फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याने एक माणूस गळ्यात अकॉर्डियन अडकवून वाजवत जायचा आणि त्याच्या मागे आम्ही काही बाया आणि तीन-चार पुरुष डब्याच्या पिशव्या सांभाळत चालायचो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. एखादा नवखा पाहुणा गावात मुक्कामाला असला तर सकाळी विचारायचा, तुमच्याकडे एवढ्या पहाटे कसली वरात असते? वरात कसली, आम्ही जीव मुठीत धरून पहिल्या शिफ्टच्या बसला निघालेलो असायचो. उसात बिबट्या होता. आणि सगळ्यांच्या पुढे जो वाजवत चाललेला असायचा, तो आमच्यातला सगळ्यांत भित्रा माणूस होता. लक्ष्मण साळवे त्यांचं नाव. आम्ही साळवेमामा म्हणायचो.

मी स्वतःही काही शूर नाही. घरात एकटी असले तर दिवसाउजेडी कडी लावून बसणारी मी. पण मामांपुढे मी वाघीण. मामांना पालीची भीती, इंजेक्शनची भीती, लिफ्टची भीती. आम्ही दोघं एकाच कंपनीत होतो. मी क्वालिटीत, ते स्टोअरला कॉन्ट्रॅक्टवर हेल्पर. कॉम्प्रेसरची हवा फुस्सकन सुटली की हातातलं खोकं खाली ठेवून ते भिंतीला टेकायचे. लाइनवरची पोरं मुद्दाम मागून जाऊन टाळी वाजवायची आणि मामा दचकले की खिदळायची. मामा रागवायचे नाहीत. एकदा मीच चिडून त्यांना म्हटलं, मामा, तुम्ही एवढं कसं हो घाबरता? तेव्हा ते शांतपणे म्हणाले,

"भ्यायला हरकत न्हाई, नंदा. तालात भ्यावं. बेताल भ्यालं की पाय एकीकडं पळतो आन् जीव दुसरीकडं."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं. तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं.

मामा मूळचे दौंडचे. वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे ओझी उचलणारे हमाल, लोको शेडमध्ये. राहायला रेल्वेच्या चाळीत. तिथून जवळच साहेब लोकांचा क्लब होता, त्याला इन्स्टिट्यूट म्हणायचे, आणि नाताळात तिथे लाकडी जमिनीवर नाच चालायचा. खलाशांच्या पोरांना आत मज्जाव. लक्ष्मण खिडकीखाली उभा राहून ऐकायचा. त्याला नाच दिसायचा नाही, नुसती पावलं ऐकू यायची. त्यातल्या त्यात टँगो वाजला की त्याच्या अंगावर काटा यायचा. सगळी पावलं एकदम थांबायची, आत चिडीचूप व्हायचं, आणि पुन्हा एकदम चालू. त्या थांबण्यात काय होत असेल, या विचाराने रात्रभर झोप यायची नाही, असं ते सांगायचे. पुढे तिथले एक गार्डसाहेब कुटुंबासकट ऑस्ट्रेलियाला निघाले. त्यांचं सामान स्टेशनवर वाहून नेलं मामांच्या वडिलांनी. जाताना साहेबांनी एक जुनं अकॉर्डियन वडिलांना देऊन टाकलं. भाता फाटलेला आणि डाव्या हाताची काही बटणं अडकलेली. वडिलांनी सायकलच्या ट्यूबची ठिगळं लावून ते वाजतं केलं.

त्याच पेटीवर मामा दौंडच्या लग्नाच्या बँडमध्ये उभे राहिले आणि बरीच वर्षं वाजवत राहिले. मग डीजे आले. बँडच्या पोशाखाची बटणं तुटत गेली, ती पुन्हा लावली गेली नाहीत. शांतामामींचं माहेर आमच्या गावात, निमोण्याच्या बाजूला. मामा बायकोच्या गावी राहायला आले, बुद्धविहाराच्या मागे दोन खोल्या बांधल्या आणि कंपनीत लागले. त्यांच्या घरापासूनच फाट्याचा रस्ता सुरू होतो, म्हणून पहाटे आम्ही सगळे त्यांच्याच ओट्याशी जमायचो.

खंडेनवमीला कंपनीत मशिनींची पूजा असते. त्या वर्षी नवी लाइन बसवायला पियेर नावाचा एक फ्रेंच इंजिनिअर आला होता आणि काही महिने मुक्कामाला होता. पूजेनंतर पोरांनी आग्रह केला म्हणून मामांनी पेटी काढली. पियेर हातातला पेढा तसाच धरून गर्दीतून पुढे आला. त्याने हाताने विचारलं, मी वाजवू? मामांनी घाबरत घाबरत पट्टे त्याच्या खांद्यावर चढवले. त्याने एक वॉल्ट्झ वाजवला, तीन-तीन मात्रांत गोल फिरणारा. अडकलेल्या बटणांच्या जागी सूर गळत होते, तरी तो वाजवत राहिला. वाजवता वाजवता त्याचे डोळे भरून आले. लग्नात नवरी सासरी निघाल्यावर बाप जसा दुसरीकडे बघतो, तसा तो दुसरीकडे बघत होता.

मग आम्ही तिघं लाकडी पॅलेटवर बसलो. दुभाषी मी. माझं इंग्रजी ड्रॉइंग वाचण्यापुरतं, त्यामुळे पियेरने जे सांगितलं आणि मामांना जे पोहोचलं, त्यात थोडा माझाही हात आहे. पियेरची आजी डोंगराळ मुलखातली. तिकडची माणसं पोटासाठी पॅरिसला उतरली. पाठीवर कोळशाची पोती घेऊन लोकांच्या जिन्यांवरून चढायची. ज्या दुकानात कोळसा विकायचा, तिथेच दारूही मिळायची, आणि त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत काम संपलं की ही काळ्या हातांची माणसं नाचायची. गावाकडून त्यांनी चामड्याच्या पिशवीचं एक वाद्य आणलं होतं, म्युझेत. त्याचंच नाव त्या नाचाला पडलं, आणि पियेरने वाजवलेला वॉल्ट्झ त्यातलाच. मग इटलीतून आलेल्या मजुरांनी अकॉर्डियन आणलं. आधी पिशवीवाल्यांची आणि पेटीवाल्यांची भांडणं झाली, मग सोयरिकी झाल्या. खोली एवढीशी, म्हणून पावलं छोटी, जोडीने जवळजवळ जागच्या जागी गरगर फिरायचं. बऱ्या घरची माणसं त्या गल्लीत पाऊल टाकायची नाहीत.

मामा ऐकत होते. मग हळूच मला म्हणाले, साहेबाला विचार, टँगो कुणाचा?

पियेर म्हणाला, तोही तसलाच. समुद्रापलीकडच्या एका बंदरातला. गोदीतले हमाल, कत्तलखान्यातले मजूर, देश सोडून आलेली आणि एकेका खोलीत कोंबलेली माणसं, आणि गुलामगिरीतून सुटलेल्यांची मुलं. त्यांनी मिळून तो केला. फरक एवढाच की टँगो नंतर पॅरिसला गेला, तिथल्या श्रीमंतांना आवडला, आणि मग त्याच्याच देशातल्या मोठ्या लोकांनी त्याला घरात घेतला. मी पुढे मोबाइलवर शोधलं तेव्हा यातलं बरंचसं खरं निघालं. थोडं पियेरचं होतं आणि थोडं माझ्या इंग्रजीचं.

मामांनी पेटीचा पट्टा लावला. मग म्हणाले,

"म्हंजी मी ज्या खिडकीखाली उभा ऱ्हायचो, तिच्या आत वाजत होतं ते हमालांचंच. आन् बाहेर उभा कोण, तर हमालाचं पोरगं."

ते हसले. पियेर जाण्याआधी त्यांनी त्याच्याकडून तो वॉल्ट्झ शिकून घेतला. रोज जेवणाच्या सुट्टीत, डबा एका हाताने खात. पुढे बसमध्ये त्यांचा माझ्याशी वाद चालायचा, टँगो बरा की हा वॉल्ट्झ. मला टँगो आवडायचा, मोबाइलवर ऐकून ऐकून. मी म्हणायचे, काय डौल आहे त्याचा. मामा म्हणायचे, "देखणा हाय, न्हाई कोण म्हणतंय? कोट घालून आला म्हणून त्याला खुर्ची मिळाली. ह्या बिचाऱ्याचे हात अजून काळेच हायेत. मला हेच जवळचं वाटतं."

त्यानंतरच्या थंडीत बिबट्या आला. म्हणजे कवठे येमाईकडे, तळेगावकडे तो आहे हे ऐकत होतोच, पण आता आमच्या उसात आला. आधी कुत्री गेली. मग एका वस्तीवरची शेळी गेली. चिखलात उमटलेले पंजे पोरं मोबाइलवर दाखवत फिरायला लागली. वनखात्याची माणसं आली, पिंजरा लावला, आणि सांगून गेली की एकट्याने फिरू नका, वाकून बसू नका, आवाज करत जा. कंपनीची बस फाट्यावरच थांबायची, आत यायची नाही. नोकरी सोडून घरी बसणं आमच्यापैकी एकालाही परवडणारं नव्हतं. पहिले काही दिवस एका पोराने मोबाइलवर मोठ्याने गाणी लावली. पण ऐन वळणावर गाणं संपायचं आणि दुसरं लागायच्या आधी क्षणभर शांतता व्हायची, मग कसली तरी जाहिरात. त्या शांततेत सगळ्या बाया एकमेकींचे दंड घट्ट धरायच्या.

एक दिवस मामा पेटी घेऊन ओट्यावर तयार होते. चेहरा पांढराफटक. म्हणाले, मी पुढं चालतो. आम्हाला खरंच वाटेना. मागून टाळी वाजवली तर दचकणारा माणूस पुढे चालणार? मी विचारलं, तर म्हणाले, मागं चाललो तर पाठ उघडी पडती, मधी चाललो तर दोन्हीकडं बघावं लागतं, पुढं चाललो तर निदान हाताला काम हाय. त्यांनी टँगो धरला. त्यांच्या मते टँगो हे चालायचंच गाणं होतं.

तीन-चार दिवस बरे गेले. मग एका पहाटे, टँगोतला तो थांबा आला, मामांचा भाता क्षणभर थबकला, आणि त्या शांततेत डाव्या हाताच्या उसातून आवाज आला. लाकडावर करवत ओढावी तसा, खरखरीत, दोनदा. जवळून आला. आमच्यातल्या एकीच्या हातातला डबा पडला आणि झाकण गरगरत रस्त्यावर फिरत राहिलं. पण मामांनी पेटी पुन्हा उघडली आणि वाजवलं ते टँगो नव्हतं. पियेरचा वॉल्ट्झ होता. त्यात थांबा नव्हता. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, सारखं गोल गोल. आमची पावलं आपोआप छोटी झाली आणि आम्ही त्या सुरात अक्षरशः फाट्यापर्यंत ढकलले गेलो.

बसमध्ये बसल्यावर मामांच्या कपाळावर थंडीतही घाम होता. म्हणाले, "जनावर ताल ऐकत न्हाई, थांबा ऐकतं. कोळसेवाल्यांचंच बरं."

तेव्हापासून रोज तोच वॉल्ट्झ. कंटाळा यायचा का? भीतीत कंटाळा येत नाही. हळूहळू वस्त्यांवरची माणसंही त्या आवाजावर उठायला लागली. कोणी चूल पेटवायचं, कोणी गोठ्याचा दिवा लावायचं. पेटी पुढे गेली की रस्ता साफ, असा लोकांचा हिशेब झाला. फक्त गुरुवारी पेटी नसायची, कारण आमच्या एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी. त्याचा विचार कोणी केला नव्हता. मामांनीही नाही.

रस्त्याच्या मधोमध जे वळण आहे, तिथे बाजीआप्पांची वस्ती. आप्पा वयस्कर, दणकट शेतकरी. त्या आठवड्यात शेतीची लाइट पहाटे यायची. एका गुरुवारी आप्पा मोटर चालू करून पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवायला उसाच्या कडेला गेले आणि खाली वाकले. बिबट्याला वाकलेला माणूस जनावरासारखा दिसतो, असं नंतर वनखात्याचा माणूस सांगत होता. तोवर सगळं संपलं होतं.

शुक्रवारी पहाटे आम्ही ओट्याशी जमलो तेव्हा कोणी कोणाकडे बघत नव्हतं. दोघी आल्याच नाहीत. मामा निघाले, वॉल्ट्झ सुरू झाला. आणि वळणाच्या अलीकडे, चिंचेपाशी, त्यांनी भाता मिटला आणि त्याचा पट्टा लावून टाकला.

आमच्याकडे रीत आहे. ज्या घरात मयत झालं आहे त्याच्या दारावरून वाजत जायचं नाही. लग्नाची वरात असो की बैलपोळा, त्या घरासमोर वाद्य बंद होतं आणि पुढे गेल्यावर पुन्हा सुरू होतं. हे कोणाला शिकवावं लागत नाही. पण मला वाटलं होतं, आज तरी मामा थांबणार नाहीत. मी जवळ जाऊन कुजबुजले की मामा, तुमच्यात तर सुतक पाळतच नाहीत. ते म्हणाले, आम्ही पाळत न्हाई, पण त्यांचं पाळतो.

चिंचेपासून पुढच्या ओढ्यावरच्या मोरीपर्यंतचा तो तुकडा आम्ही मुक्याने चाललो. पेटी वाजत असताना ऊस कधी ऐकूच आला नव्हता. आता तो ऐकू येत होता. पात्यावर पातं घासत होतं आणि प्रत्येक सळसळ आमच्याकडे येतेय असं वाटत होतं. आप्पांच्या अंगणात एक बल्ब जळत होता आणि आतून कोणाचं तरी बसकं रडणं ऐकू येत होतं. बॅटरीचा झोत मोरीच्या कठड्यावर गेला आणि तिथे दोन हिरवे ठिपके पेटले.

तो बसलेला होता. पळाला नाही, उठलाही नाही. आमच्याकडे बघत होता. मी मामांच्या शर्टाचा पाठीमागचा भाग मुठीत धरला होता आणि तो ओला होता. मी मनातल्या मनात ओरडत होते की वाजवा, आता तरी वाजवा. मामांचा हात पट्ट्यावर गेला आणि तिथेच राहिला. मग त्यांनी उजवा पाय उचलून जमिनीवर टेकवला. नंतर दोन हलकी पावलं. पुन्हा एक जोराचं, दोन हलकी. जागच्या जागी. कोणी काही न सांगता आम्ही सगळेच तसं करू लागलो. आवाज नाही, सूर नाही, नुसते धुळीत पडणारे चप्पल-बुटांचे पाय. रडणाऱ्या घरासमोर आम्ही असा नाच केला, हे लिहितानाही विचित्र वाटतं. किती वेळ गेला कोण जाणे. बिबट्या आळसावल्यासारखा उठला, कठड्यावरून खाली उतरला आणि ओढ्यात दिसेनासा झाला.

मोरी ओलांडल्यावर मामा रस्त्यातच बसले आणि लहान मुलासारखे रडले. म्हणाले, "आप्पांच्या दारात वाजवलं न्हाई ते बरोबर केलं. पण तुमच्यातलं कोण गेलं असतं तर मी काय केलं असतं?" फाट्यावर बस हॉर्न देत होती.

पुढचे दोन-तीन दिवस तसंच झालं. चिंचेपाशी पेटी मिटायची, मोरीपाशी उघडायची, आणि मधल्या तुकड्यात आम्ही पाय आपटत जायचो. मामांचं जेवण कमी झालं होतं. शांतामामी सांगायच्या की झोपेतही ते पाय हलवतात. मग एका पहाटे चिंचेखाली कोणीतरी उभं दिसलं आणि आमची पाचावर धारण बसली. त्या आप्पांच्या बायको होत्या, ताराकाकू. कपाळ मोकळं, अंगावर घोंगडी. सुतकातली बाई अशी रस्त्यावर येत नाही. मामा हात जोडून उभे राहिले.

ताराकाकू रडत नव्हत्या. त्यांनी सांगितलं की आप्पा रोज पेटी ऐकून उठायचे आणि पेटी पुढे गेली की मगच मोटरकडे जायचे. त्या गुरुवारी लाइट आली, पेटी काही ऐकू आली नाही. आप्पा म्हणाले, माझा डोळा लागला वाटतं, पेटी गेली जाऊन, आणि निघाले. वार कोणता आहे हे ध्यानातच राहिलं नाही. एवढं सांगून त्या थांबल्या. मला वाटलं, आता या मामांना बोल लावणार. मामांनाही तेच वाटलं असावं, त्यांनी मान खाली घातली होती.

"साळवेमामा," काकू म्हणाल्या, "सुतक माझ्या घरात हाय, रस्त्यात न्हाई. माझी सून बी उद्यापासनं कामाला निघंल. दारात थांबू नका."

त्या दिवशी मामांनी पहिल्यांदा त्या घरासमोरून वॉल्ट्झ वाजवत नेला. हळू वाजवला, पण मोडला नाही.

पुढचा गुरुवार. मी अंथरुणात होते, सुट्टी होती. आणि लांबून पेटी ऐकू आली. आधी वाटलं स्वप्न आहे. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, गावाकडून उसाकडे जात होतं. मी उठून बसले. मामा एकटे निघाले होते. त्यांच्या मागे कोणी नव्हतं, फाट्यावर बस नव्हती, पुढे कामही नव्हतं. पाल दिसली की खुर्चीवर चढणारा तो माणूस वळणावरून, मोरीवरून, फाट्यापर्यंत वाजवत गेला आणि तसाच वाजवत परत आला, फक्त वस्त्यांवरच्या लोकांना रस्ता मोकळा झाल्याचं कळावं म्हणून. मी दाराशी उभी राहून ऐकत होते आणि माझ्याच्याने बाहेर पाऊल टाकवलं नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी मात्र मी गेले. मला बघून मामांनी नुसता खांद्यावरचा पट्टा नीट केला.

कधीतरी मी त्यांना विचारलं, एकट्याने जाताना भीती वाटत नाही? ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांना जेवता का असं विचारलं. म्हणाले, "लई वाटती. त्या पॅरिसच्या लोकांना काय वाटत नसंल? परकं गाव, अंधारे जिने, पाठीवर ओझं. टँगोवाल्यांना बी वाटत असंल. माणसं उगं एकमेकांना धरून नाचत नसत्यात."

त्यानंतर त्यांनीच हट्ट धरला की मी पेटी शिकायची. मी भजनात हार्मोनियम वाजवते, एवढंच माझं भांडवल. गळ्यात अडकवलेली पेटी वेगळीच गोष्ट. ती छातीवर बसते आणि आपण श्वास घेतो तेव्हा तिला सोडायचा असतो. उजवा हात मला जमला, डावी बटणं शेवटपर्यंत जमली नाहीत. भाता उलटवताना माझ्याकडून हमखास एक फट पडायची. मामा तेवढ्यावरच चिडायचे. एरवी कधी आवाज न चढवणारा माणूस खेकसायचा, की आला का टँगो, घातलास का थांबा. त्यांना वाजवण्यातल्या बाकीच्या चुका चालायच्या.

पिंजऱ्यात पुढे एक बिबट्या अडकला. सगळं गाव बघायला गेलं. मामा गेले नाहीत. मला त्याचं तोंड बघायचं न्हाई, म्हणाले. आणि आठवड्याभरात दुसऱ्याचे पंजे मोरीपाशी दिसले, तेव्हा कोणाला फारसं नवल वाटलं नाही. पेटी चालू राहिली. ऊस तुटला, पुन्हा वाढला, पुन्हा तुटला.

मामा गेले ते बिबट्याने नाही. एका बुधवारी शिफ्ट करून आले, ओट्यावर बसून चहा घेतला, छातीत कळ आली म्हणाले आणि शिरूरच्या दवाखान्यात पोहोचायच्या आत संपले. साऱ्या जन्मात ज्या ज्या गोष्टीला भ्याले, त्यातली एकही त्यांना न्यायला आली नाही. मुलगा दौंडहून आला. रात्रीपर्यंत सगळं आटोपलं. विहारात वंदना झाली तेव्हा ताराकाकू दाराशी उभ्या होत्या, आत आल्या, आणि शांतामामींच्या शेजारी बसल्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी गुरुवार. कंपनीला सुट्टी, कोणी जमणार नव्हतं. शिवाय रस्ता सुरू होतो तो मामांच्याच दारातून, आणि त्याच दारातून कालच मयत गेलेलं. न वाजवायची दोन-दोन कारणं होती. मी ती दोन्ही कारणं पांघरुणासारखी अंगावर ओढून पडून राहिले. पण त्या आठवड्यात लाइट पुन्हा पहाटेची होती. वळणावर ताराकाकू जाग्या असणार, कान देऊन.

मी चप्पल घातली आणि निघाले. मामांच्या ओट्यावर शांतामामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. आत पाहुणे झोपलेले. त्यांच्या मांडीवर पेटी होती आणि त्या पदराने तिच्यावरची धूळ पुसत होत्या.

"मला वाटलंच तू येशील," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मामी, आजच्या दिवस इथून, तुमच्या दारातून, कसं वाजवू?

"आमच्यात सुतक न्हाई, तुला ठाव हाय," त्या म्हणाल्या आणि उठून उभ्या राहिल्या. त्यांनी पट्टे माझ्या खांद्यांवर चढवले. पेटी जड होती, आणि तिच्या भात्याला मामांच्या घामाचा वास होता. त्यांनी बॅटरी घेतली आणि माझ्या बाजूने चालायला लागल्या.

मी ओट्यापासूनच सुरू केलं. नुसता उजवा हात. सूर गळत होते, तरी वाजवत राहिले. पुढे चालल्यावर मला कळलं की मामा पुढे का चालायचे. पुढे असलं की मागच्या कोणाचा चेहरा दिसत नाही आणि आपलाही कोणाला दिसत नाही. मी रडत होते आणि घाबरलेही होते, दोन्ही एकदम. चिंच आली. भाता उलटवायची वेळ आली. मी श्वास सोडला, पेटीने घेतला, आणि या वेळी फट पडली नाही.

ताराकाकूंच्या अंगणातला बल्ब लागला. मी थांबले नाही, वळून बघितलं नाही. वळण मागे पडलं, मोरीचा कठडा आला, तो रिकामा होता. आणि मग मागून, वॉल्ट्झच्या खालून, ताराकाकूंची मोटर चालू झाल्याचा आवाज आला.